सतरा नंबरचे बूट

गमबूट घालून समुद्रावर आलेली बाई त्या गावाने माझ्याआधी पाहिली नसावी. दोन कुत्री आणि एक नारळवाला, तिघेही माझ्या पायांकडेच बघत होते. माझी भाची निशिगंधा दहा पावलं पुढे चालत होती, या बाईला मी ओळखतच नाही अशा थाटात.

"मावशी, निदान इथं तरी काढ ना ते," ती मागे वळून म्हणाली.

"वाळूत काय काय असतं, माहीत आहे तुला?"

"शिंपले असतात."

"आणि?"

ती पुन्हा पुढे चालायला लागली, आणि मी बूट काढले नाहीत. सहा वर्षांत मातीवर बुटाशिवाय पाऊल टाकलेलं नाही, ते काय एका समुद्रासाठी टाकायचं?

मी बेबीताई. फुलसावंगीच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. स्वभाव तापट आहे हे मला ठाऊक आहे, पुन्हा सांगायची गरज नाही. त्या पहिल्या संध्याकाळी मात्र राग कुठल्या कुठे गेला, कारण पाणी मागे सरकायला लागलं. मी बघत उभी राहिले. अर्ध्या तासात शे-दीडशे पावलं जमीन उघडी पडली. भरती-ओहोटी मी दरवर्षी शिकवली आहे. चेंडू म्हणजे चंद्र, कंदील म्हणजे सूर्य, घंगाळातलं पाणी म्हणजे समुद्र. मुलं तोंडपाठ उत्तर लिहायची, मी बरोबरची खूण करायची. पण पाणी जाताना असा आवाज येतो, वाळूला अशी बारीक भोकं पडतात आणि त्यांतून बुडबुडे निघतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी नारळवाल्याला विचारलं, हे पाणी परत किती वाजता येतं? तो म्हणाला, रोज वेगळं. मी म्हटलं, रोज किती मिनिटांनी वेगळं? त्याने निशिगंधाकडे दयेने पाहिलं.

आता बुटांचं सांगते.

सुरभी माझी एकुलती मुलगी. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत पुसदच्या कॉलेजातून घरी आली होती. कापूस फुटला होता, वेचणीला बाया कमी पडत होत्या, म्हणून हौसेने रामीबाईसोबत आमच्या वावरात गेली. रामीबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची, कित्येक वर्षं आमच्याकडे वेचणीला येणारी. अकराच्या सुमाराला सुरभीच्या पायाला घोणस चावली. दोन दिवस दवाखान्यात झुंजली आणि गेली. वीस वर्षांची होती.

तिच्या चपला बांधावर सापडल्या. शेजारी शेजारी, व्यवस्थित ठेवलेल्या. दिवाळीतच घेऊन दिलेल्या, पट्ट्याच्या. त्या पायात असत्या तर दात इतके खोल गेले नसते असं मला कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. का काढल्यास? हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. निष्काळजी पोरगी. दप्तर एकीकडे, डबा दुसरीकडे, लहानपणापासूनच. सहा वर्षं रोज मी मेलेल्या मुलीला मनातल्या मनात रागावते आहे. चांगली गोष्ट नाही, पण आहे ती अशी आहे.

त्यानंतर मी 'सुरभी स्मृती बूट समिती' काढली. समिती म्हणजे मी, माझे यजमान सदाशिवराव आणि समोरच्या खोलीतलं एक कपाट. वेचणाऱ्या बायांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट द्यायचे. सदाशिवराव प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगाने नंबर घालतात. बूट दिले की काम झालं असं मानणारी मी नाही. म्हणून ग्रुप काढला. वेचणीच्या दिवसांत प्रत्येकीने सकाळी बूट घातलेल्या पायांचा फोटो टाकायचा. त्रेसष्ट बाया, त्रेसष्ट फोटो. पहिला फोटो माझा, सहा वाजता, अंगणातल्या फरशीवरून. सगळ्यांचे आल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही. मला दुसरं काही नको. आमच्या शिवारात उघडा पाय नको, आणखी एक पोरगी अशी जायला नको, एवढंच.

सहा वर्षांत मी वेचणीच्या हंगामात एक दिवसही गाव सोडलं नव्हतं. यंदा सदाशिवराव हट्टालाच पेटले. "त्रेसष्ट पाय मी पाहून घेईन, तू एक समुद्र पाहून ये," म्हणाले. मी म्हटलं, पाय एकशे सव्वीस होतात. निशिगंधा पुण्याला नोकरी करते, तिने दापोलीकडे चार दिवसांची खोली घेतली आणि मला ट्रॅव्हल्समध्ये बसवून नेलं. पाय मी तिथूनच पाहणार, ही माझी अट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खोलीच्या ओट्यावरून माझा फोटो टाकला. मग एकेक यायला लागले. घरी असते तर चूल, पाणी, सदाशिवरावांच्या गोळ्या हे सगळं करता करता फोन बघायचा आणि अंगठा दाखवायचा. इथे करायला काहीच नव्हतं. निशिगंधाने माझा फोन तिच्या लॅपटॉपला जोडून दिला. "घे, मोठं करून बघ, डोळ्यांना त्रास नको."

मी मोठं करून बघितलं.

रामीबाईचा फोटो. हिरव्या लुगड्याचा काठ, खाली बूट, बुटावर नंबर सतरा. सदाशिवराव सात काढताना शेपटीला गाठ मारतात, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. पुढचा मोतीबाईचा. लाल घागरा, आरशांची किनार. बुटावर सतरा. त्याच्यापुढे इंदूबाई. पिवळं लुगडं, सतरा.

"निशा, इकडे ये."

ती दात घासत आली. आम्ही दोघी बसलो. तिने कागदावर नंबर लिहायला घेतले. चार, नऊ, सतरा, सतरा, बावीस, चार. ब्रश तोंडात तसाच. दोघींना चेव चढला, खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली. शाळेत कॉपी पकडताना वाटायची तशीच. हा दगड बघ मावशी, सगळ्यांच्या मागे हाच दगड आहे. ही बाभळीची सावली बघ. एकीच्याही आजूबाजूला पऱ्हाटीचं, कपाशीचं, बोंड नाही. बुटांना धूळ नाही. पाऊण तासाने कागद पूर्ण झाला. बाया त्रेसष्ट. बूट नऊ जोड.

मजा तिथेच संपली. माझे कान तापले. मी रामीबाईला फोन लावला. लागला नाही. मोतीबाईला लावला. लागला नाही. या वेळी सगळ्या वावरात असतात, तिथे बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नऊ जोड बूट. म्हणजे चौपन्न बाया त्या क्षणी पऱ्हाटीत उघड्या पायांनी उभ्या होत्या आणि मी दीड दिवसाच्या वाटेवर, नारळाच्या झाडाखाली.

"मावशी, चहा तरी..."

"नको."

मी तरातरा समुद्रावर गेले. कुठे जायचं ते माहीत नव्हतं, चालायचं एवढंच माहीत होतं. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खाडी समुद्राला मिळते, तिथपर्यंत दोनेक मैल. सहा वर्षं मला खोटे पाय दाखवले. सहा वर्षं मी त्यांना अंगठे दाखवले. बोलायचं ते सगळं मी मोठ्याने बोलत होते, बगळे उडत होते.

खाडीपाशी दहा-बारा बाया ओल्या वाळूत बसून तिसऱ्या गोळा करत होत्या. शिंपल्यातलं ते मांस, इकडे आमटी करतात. त्यांतली एक वयस्क बाई कंबर सरळ करत माझ्याकडे बघून हसली. नंतर कळलं तिचं नाव जमनाबाई.

"काय गो बाय, बूट हातात नि पाय उघडे?"

मी खाली पाहिलं. खरंच. दोन्ही बूट माझ्या डाव्या हातात होते आणि माझे पाय, उकडलेल्या बटाट्यासारखे पांढरे, वाळूत रुतले होते. कधी काढले ते आठवेना. मग आठवलं. वाटेत एका लाटेने बुटात पाणी भरलं, पाण्याबरोबर वाळू गेली, टाच सोलली, पाय उचलेना, आणि मी भांडता भांडताच खाली बसून ते ओढून काढले होते. विचारसुद्धा केला नव्हता. कोणाला विचारलंही नव्हतं.

मी तिथेच बसले. जमनाबाईच्या पायांत जुने कापडी बूट होते, गड्यांचे, आणि त्यावर गुडघ्यापर्यंत ओढलेले जाड मोजे. मोज्यांवरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाकट असते चिखलात. मासाच, पण शेपटीला काटा. मारला तर दोन दिवस बोंबलायचं."

"मग असले उंच बूट का नाही घालत?"

"घालून बघितले. चिखलात पाय येतो वर, बूट राहतो खाली. नि पाय उचलायचा नाय, घासत न्यायचा, म्हणजे ती आधीच पळते."

"मोज्यातून काटा जात नाही?"

"जातो की. पण कमी जातो."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. ट्यूब किती रुंद कापायची, घाम येतो का, वाळू आत शिरते का, मोजा दिवसातून किती वेळा पिळायचा. तीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले ते उत्तर माहीत असलेले. माहीत नसलेलं विचारायची सवयच राहिली नव्हती.

साडेबाराला खोलीवर परत आले आणि ओट्यावर बसते न बसते तोच फोन वाजला. रामीबाई. जेवायला बांधावर येते तेव्हा तिला रेंज मिळते.

"मॅडम, फोन केलता काय? वावरात होती मी. समुद्र पाह्यला काय?"

राग आला की मी शाळेची मराठी विसरते. "समुद्र राहू दे. तुह्या बुटाचा नंबर काय हाय?"

"काय जी?"

"चाळीस हाय. मंग आज तुह्या पायात सतरा काहून होता? मोतीबाईच्या पायात सतरा काहून? इंदूबाईच्या?"

ती म्हणाली, "तुमी समुद्र पाहाले गेल्या का बूट पाहाले?"

"रामीबाई!"

"सांगतो ना. नऊच जोड राह्यले, मॅडम. बाकीचे इकडं तिकडं गेले. इंदूबाईचा नवरा फवारणीले घालते. मोतीबाईच्या बुटात कोंबडी अंड्यावर बसली हाय, ते उठूनच नाई राह्यली. माहा जोड पावसाळ्यातच फाटला. सकाळी बाभळीखाली जमतो आमी. एक घालते, फोटो काढते, दुसरीले देते. मीच उभी राहून करून घेतो."

"रोज?"

"रोज."

"कायले? मले फसवाले?"

"फसवाले नाई वो," ती दुखावल्यासारखी म्हणाली. "भाऊ सांगत होते, सगळे फोटो आल्याबिगर तुमी चहा पेत नाई. पोरगी गेली तवापासून तुमाले काई गोड लागत नाई. चहा तं लागला पायजे ना म्हून. आमाले दोन मिंटं लागते."

भाऊ म्हणजे आमचे सदाशिवराव. मी समजत होते की मी समिती चालवते. समिती त्या चालवत होत्या, माझ्यासाठी, रोज सकाळी बाभळीखाली.

"मंग घालत काहून नाई?" माझा आवाज उतरला होता. "जीव जाते ना रामीबाई."

"तुमी कधी येचला काय कापूस दिवसभर, थे बूट घालून?"

मी कधीच वेचला नव्हता. वावर आमचं, पण वेचणी बायांची. मी बूट घालून फिरले होते ते अंगणातल्या फरशीवर आणि गावच्या कोरड्या वाटेवर, रोज दहा-वीस मिनिटं. घंगाळातला समुद्र.

"पाय शिजते," रामीबाई सांगत होती. "वाकता येत नाई. वावर ओलं असलं तं पाय उचलतच नाई. मॅडम, आणखी एक सांगाचं हाय. सहा सालापासून सांगाचं हाय. आता तुमी रागावल्याच हा तं सांगूनच टाकतो."

"सांग."

"त्या दिवशी सुरभीले चपला म्या काढाले लावल्या. आदल्या रोजी पाणी पडलं होतं. पाऊल टाकलं का चपलेले शेरभर गारा चिपके, नुसता चिखल. पोरगी दोन डाव पडली. म्या म्हटलं, काढ बेटा, माह्यासारखी चाल. तवाशी ते बांधापर्यंत गेली. इकडंच फेक म्हटलं म्या, तं म्हणे नाई मावशी, नव्या हायेत, आईनं घेऊन देल्या, खराब झाल्या तं आई रागवते. पदरानं पुसल्या तिनं. माह्या पदरानं. मंग ठेवल्या नीट." रामीबाईचा आवाज फाटला. "म्या म्हटलं नसतं तं पायात असत्या. म्हून मी रोज थ्या बाभळीखाली उभी राह्यतो. मले दुसरं काय येते?"

मी रडले. ओट्यावर बसून, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, तोंडाला पदरसुद्धा न लावता. सहा वर्षं मी त्या पोरीला निष्काळजी म्हणत आले. ती बांधापर्यंत चालत गेली होती, चपला पुसून ठेवायला. माझा राग तिला इतका ठाऊक होता.

निशिगंधा दारात येऊन उभी राहिली आणि मग माझ्याजवळ बसली. फोनवर रामीबाई "मॅडम, मॅडम" करत होती.

"हाय मी," मी म्हटलं. "रामीबाई, ऐक. आज सकाळी समुद्रावर माह्या बुटात गारा भरला. म्या बूट काढून हातात घेतले. कोणी सांगतलं नाई काढ म्हून. मले समजलं बी नाई. अन् मी कोण, बूट समितीची अध्यक्ष."

"तू म्हटलं नसतं तरी तिनं काढल्याच असत्या. पाच मिंटानं काढल्या असत्या. समजलं?"

नाक ओढल्याचा आवाज आला. "समजलं," ती म्हणाली. "जेवल्या काय तुमी?"

"नाई."

"मंग जेवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पाण्याच्या कडेला गेले. भरती चढत होती. बूट खोलीवरच ठेवले होते. पाय पाण्यात धरले, निशिगंधाने फोटो काढला आणि मी तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: आज खरे पाय पाठवा. जसे असतील तसे. वावरातून.

काहीच आलं नाही. सात वाजले, साडेसात वाजले. निशिगंधाने चहा आणून समोर ठेवला. मी ग्रुपकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि चहा घेतला. साखर थोडी जास्त होती.

आठनंतर एकेक यायला लागले. जेवढ्या वावरांत रेंज होती तेवढे आधी, बाकीचे दुपारपर्यंत. भेगाळलेल्या टाचा. जोडवी. एकीने पोराचे क्रिकेटचे बूट घातले होते, लेस नसलेले. एकीने पोटऱ्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं होतं, ते मी तीनदा मोठं करून पाहिलं. हिला जमनाबाई कुठे भेटली असेल? मोतीबाईने पाय पाठवलेच नाहीत, बुटातल्या कोंबडीचा फोटो पाठवला. नऊ बाया खरोखर बूट घालून उभ्या होत्या, पऱ्हाटीच्या मध्ये, धुळीने माखलेल्या. एकावन्न पाय उघडे दिसत होते, नव्हे, एकशे दोन, आणि मला भीती वाटत होती, पण निदान आता मला माहीत होतं की कोणासाठी भ्यायचं आहे.

सगळ्यांत शेवटी रामीबाईचा. मातीच्या रंगाचे दोन पाय, बोटं फाकलेली, बाजूला सरकीसकट पडलेलं एक बोंड. तिला लिहिता येत नाही, म्हणून फोटोखाली आवाज पाठवला होता.

"मॅडम, हे माहे पाय. सतरा नंबर आज जिचा तिच्या पायात हाय. आता तुमी सांगा, आमचे आजे-पणजे बैलावर लादून तिकडूनच मीठ आणत म्हणते. तांड्यात कोणीच समुद्र नाई पाह्यला. थे पाणी खारं असते म्हणते, खरं हाय काय?"

समुद्राचे पाणी खारट असते. चौथीच्या पुस्तकात, तीस वर्षं, बरोबरची खूण. मी तशीच पाण्यापर्यंत गेले, वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडात घातलं. निशिगंधा ओरडली, मी थुंकले, नाकातोंडात गेलं, ठसका लागला.

मग फोन तोंडाजवळ धरला. "खरं हाय रामीबाई. आता पिऊन पाह्यलं. लय खारं हाय, अन् थोडं कडूबी हाय, थे पुस्तकात नोतं." काल जमनाबाईने दिलेला कापडी बुटांचा जुना जोड खोलीच्या ओट्यावर वाळत होता. "शनिवारी येतो मी. माह्यासाठी कापूस टाकाले एक ओटी शिवून ठेव. बुटाची एक नवी तऱ्हा आणून राह्यली, पण थे मी आधी घालीन. दिवसभर तुह्या संगं येचीन, मंग तू सांग."

तिचं उत्तर लगेच आलं. ती हसत होती की काय ते नीट कळलं नाही.

"या. पण मॅडम, तुमाच्यानं दिवसभर नाई होत. अर्धा दिवसच या."